हलक्या मोटारीचा हिशेब

मोटारींच्या शर्यती हा श्रीमंतांचा शौक, असे आपल्याकडे समजतात. आणि तो समज अगदीच निराधार नाही. तेव्हा ज्याचा जन्म कामगार संघटनेच्या कामात गेला अशा आमच्यासारख्याने वसंत व्याख्यानमालेत शर्यतीच्या मोटारीची कथा सांगावी, याचे कित्येकांना नवल वाटेल. परंतु मोटार आधी कारखान्यात जन्मते आणि मग रस्त्यावर धावते. धावती मोटार पाहायला हजारो माणसे जमतात. ती घडताना मात्र फिटर, वेल्डर आणि पत्रा ठोकणारा यांच्याखेरीज सहसा कोणी हजर नसते. आमचे शाळेचे शिक्षण बेताचेच. पुढचे जे काही वाचन झाले ते पाळी सुटल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. त्या वाचनात लंडनमधील ‘लोटस’ नावाच्या एका लहान कारखान्याची हकिगत हाती आली. एका खानावळीच्या मागच्या तबेल्यात सुरू झालेला हा धंदा सहा वर्षांत जगातल्या सर्वांत मोठ्या शर्यतीत कसा उतरला, आणि त्या उडीची किंमत कोणी कोणी दिली, एवढेच आज सांगावयाचे आहे.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा इंग्लंड विजयी होते, पण कफल्लक झालेले होते. पेट्रोलचे रेशनिंग १९५० पर्यंत चालू होते. नव्या मोटारी परदेशी चलनासाठी निर्यात होत. घरच्या गिऱ्हाइकाला त्यांसाठी ताटकळावे लागे. तरुणांपाशी मात्र दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे युद्धात शिकलेली यंत्रविद्या, आणि दुसरी म्हणजे ओसाड पडलेले विमानतळ. त्या विमानतळांच्या डांबरी रस्त्यांवर शर्यती सुरू झाल्या. मोटार विकत घेण्याची ऐपत नाही, म्हणून जुनी मोडकी ऑस्टिन सेव्हन घ्यायची, तिचा पत्रा उतरवायचा आणि आपल्या हाताने नवी गाडी रचायची, असा एक मोठा पंथच तेथे तयार झाला.

कॉलिन चॅपमन हे या पंथातले. जन्म १९२८ चा. वडील लंडनच्या हॉर्न्सी भागात रेल्वे हॉटेल नावाची खानावळ चालवीत. चॅपमन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बांधकामाची इंजिनिअरिंग शिकले. म्हणजे पूल आणि छपरे कशी उभी राहतात याचे गणित शिकले. १९४८ साली त्यांनी जुन्या ऑस्टिनवर पहिली गाडी रचली, ती हेझल विल्यम्स या आपल्या मैत्रिणीच्या वडिलांच्या घरामागील गॅरेजात. पुढे १९५२ च्या आरंभी लोटस इंजिनिअरिंग कंपनी निघाली, तेव्हा भांडवल म्हणून याच हेझलबाईंनी पंचवीस पौंड दिले. जागा मिळाली ती वडिलांच्या खानावळीमागचा तबेला. चॅपमन स्वतः दिवसा ब्रिटिश ॲल्युमिनियम कंपनीत नोकरी करीत आणि संध्याकाळी तबेल्यात येत.

या तबेल्यातून जी पहिली विकाऊ मोटार निघाली ती ‘मार्क सहा’. तिच्यात लोटसचे पुढचे सारे चरित्र बीजरूपाने आहे. त्या काळच्या बहुतेक मोटारींचा सांगाडा म्हणजे लोखंडाच्या दोन जाड तुळया. चॅपमन यांनी पूल बांधणाऱ्याच्या नजरेने पाहिले. बारीक नळ्या घेतल्या आणि त्या त्रिकोणात त्रिकोण बसवून जोडल्या. चौकोन दाबला तर वाकडा होतो; त्रिकोण वाकडा होण्यापूर्वी त्याची एखादी बाजू तुटावी लागते. रेल्वेच्या लोखंडी पुलावरून गेलेल्या प्रत्येकाने हे त्रिकोण पाहिलेले असतात. या युक्तीने मार्क सहाचा नुसता सांगाडा पंचवीस किलोच्या आसपास बसला. म्हणजे धान्याचे अर्धे पोते उचलणाऱ्या माणसाने तो एकट्याने उचलावा.

परंतु तो उचलण्यापूर्वी कोणीतरी जोडला होता. हे सांगाडे प्रोग्रेस चासी नावाच्या एका छोट्या दुकानात वेल्डिंग होऊन येत. ॲल्युमिनियमचे पत्रे विल्यम्स आणि प्रिचर्ड हे दोन कारागीर हाताने ठोकून घडवीत. इंजिन गिऱ्हाइकाने स्वतः आणावयाचे, जुन्या फोर्डचे किंवा एम.जी.चे. आणि गंमत अशी, की जोडणारा मजूरही गिऱ्हाईकच! याचे कारण सरकारी करात होते. पुऱ्या मोटारीवर त्या वेळी जबर खरेदी-कर असे. सुट्या भागांच्या संचावर तो नसे. म्हणून लोटस मोटार खोक्यांतून सुटी विकली जाई आणि घेणारा ती घरी जोडीत असे. अशा सुमारे शंभर मार्क सहा विकल्या गेल्या. कारखानदाराकडे ना ओतशाळा, ना इंजिनखाना, ना जोडणीची लांबलचक शेड. वेगवेगळ्या ठिकाणचे कसबी हात एका आराखड्याने बांधलेले, एवढीच काय ती त्याची मालमत्ता.

या हातांविषयी आम्हाला थोडे अधिक बोलावयाचे आहे. तबेल्यातील बरेचसे काम संध्याकाळी आणि रात्री, हौशी तरुणांकडून, बहुधा बिनपगारी होत असे. माइक कॉस्टिन दिवसभर डी हॅविलंडच्या विमान कारखान्यात काम करून मग लोटसमध्ये येत. त्यांचे बंधू फ्रँक हे विमानावरून वाहणाऱ्या हवेचे जाणकार. त्यांनी १९५४ साली लोटसच्या अंगाला वारा कापणारा आकार दिला. १९५५ च्या सुरुवातीस चॅपमन आणि माइक कॉस्टिन या दोघांनीही नोकऱ्या सोडल्या आणि पूर्ण वेळ याच कामाला वाहून घेतले. पुढे गिअरबॉक्सच्या कामावर कीथ डकवर्थ आले. १९५८ साली कॉस्टिन आणि डकवर्थ या दोघांच्या नावांचे तुकडे जोडून ‘कॉसवर्थ’ नावाची इंजिन कंपनी निघाली. तिच्या १९६७ च्या इंजिनाने पुढे ग्रां प्रीच्या दीडशेहून अधिक शर्यती जिंकल्या.

आणखी एक माणूस सांगण्यासारखा आहे. ग्रॅहम हिल या तरुणाने चोवीस वर्षांचा होईपर्यंत मोटार चालवली नव्हती. १९५३ साली पाच शिलिंगांना एक फेरी, या दराने एक पौंड भरून त्याने शर्यतीच्या गाडीत चार फेऱ्या मारल्या आणि त्याला वेड लागले. पुढल्याच वर्षी तो लोटसमध्ये दिवसाला एक पौंड मजुरीवर मेकॅनिक म्हणून लागला. हा मनुष्य पुढे दोनदा जगज्जेता झाला. हे सांगताना आम्ही हौसेची थट्टा करीत नाही. हौसेने केलेले काम उत्तम होते. परंतु हौशी माणसाच्या रात्री हजेरीपटावर चढत नाहीत, हे आम्हाला धंद्यामुळे दिसते. १९६८ साली लोटसचे भाग शेअरबाजारात आले. तबेल्यातल्या फुकट रात्री भागपत्रकात लिहिण्याची सोय कोणत्याही कंपनी-कायद्यात नसते.

इंजिनाची हकिगत तर याहून सुरस आहे. कॉव्हेंट्री क्लायमॅक्स ही कंपनी फोर्कलिफ्ट गाड्या आणि आगीच्या बंबांचे पंप करी. पन्नाससालच्या सुमारास सरकारने नव्या पंपाची मागणी काढली: जुन्या पंपाच्या दुप्पट पाणी फेकावे आणि वजन निम्मे असावे. तो पंप माणसांनी उचलून आगीपर्यंत न्यावयाचा होता, म्हणून ही अट. वॉल्टर हॅसन आणि हॅरी मंडी या इंजिनिअरांनी ॲल्युमिनियमचे हलके इंजिन करून ती पुरी केली. शर्यतवाल्यांनी ते पाहिले आणि बंबाच्या इंजिनाला मोटारीत बसवण्याचा आग्रह धरला. १९५४ पासून ते इंजिन मोटारींत येऊ लागले. १९५७ साली ल मांसच्या चोवीस तासांच्या शर्यतीत या जातीच्या इंजिनांवर लोटसने आपल्या दोन्ही लहान वर्गांत पहिला नंबर मिळवला. आग विझवणाऱ्याच्या खांद्यावरचा भार कमी व्हावा म्हणून झालेल्या विचाराने शर्यतीचा इतिहास बदलला, हे आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते.

आता मोठ्या शर्यतीकडे वळू. फॉर्म्युला वनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५० साली सुरू झाली. तीत आल्फा रोमिओ, फेरारी, मर्सिडीज, मासेराती अशी बडी घराणी. यांचे इंजिन घरचे, गिअरबॉक्स घरचा. अशा सभेत तबेलेवाल्याला कोण विचारतो? परंतु तीन गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या.

पहिली ही, की १९५६ साली बेअरिंगचे कारखानदार टोनी व्हँडरवेल यांनी आपल्या ‘व्हॅनवॉल’ मोटारीचा सांगाडा चॅपमन यांच्याकडून आणि अंग फ्रँक कॉस्टिन यांच्याकडून आखून घेतले. म्हणजे लोटसची मोटार उतरण्यापूर्वीच लोटसची विद्या मोठ्या शर्यतीत उतरली होती. आणि ती व्हॅनवॉल १९५८ साली कारखानदारांसाठी प्रथमच ठेवलेले अजिंक्यपद घेऊन गेली. दुसरी गोष्ट म्हणजे सर्बिटनच्या चार्ल्स आणि जॉन कूपर या बापलेकांच्या गॅरेजचे उदाहरण. त्यांनी इंजिन चालकाच्या पाठीमागे बसवले होते. १९५८ च्या जानेवारीत अर्जेंटिनाच्या ग्रां प्रीत स्टर्लिंग मॉस यांनी दोन लिटरहून लहान इंजिनाच्या कूपरने फेरारींना मागे टाकले. तिसरी गोष्ट नियमांची. १९५८ पासून मद्यार्काचे इंधन बंद होऊन विमानाचे पेट्रोल सक्तीचे झाले, आणि शर्यतीची किमान लांबी पाचशे किलोमीटरांवरून तीनशेवर आली. मद्यार्कावर चालणारे मोठे इंजिन अधाशी. त्याच्यासाठी भलीमोठी टाकी लागे. पेट्रोल आले, शर्यत आखूड झाली आणि हलक्या गाडीचा भाव एकदम वधारला.

१८ मे १९५८ रोजी मोनॅकोच्या रस्त्यांवर लोटसच्या दोन मोटारी जगाच्या पंगतीला बसल्या. वास्तविक त्या दुय्यम वर्गासाठी केलेल्या ‘लोटस बारा’ जातीच्या. प्रतिस्पर्ध्यांची इंजिने अडीच लिटरपर्यंत. यांचे दोन लिटरपेक्षा थोडे कमी, आणि तेही बंब करणाऱ्या कंपनीचे. चालक होते क्लिफ ॲलिसन आणि दिवसाला एक पौंड घेणारा तो मेकॅनिक, ग्रॅहम हिल. हिलची गाडी मध्येच मोडली. ॲलिसन विजेत्याच्या बऱ्याच फेऱ्या मागे राहून सहावे आले. सहाव्याला त्या वेळी गुण नव्हते. पुढल्याच महिन्यात बेल्जियममध्ये ॲलिसन चौथे आले आणि लोकांनी या हिरव्या, ठेंगण्या गाडीकडे वळून पाहिले.

त्यानंतरची दीड-दोन वर्षे मात्र ओढाताणीची. शर्यतीचा खर्च गाड्या विकून निघावा, असा बेत. त्यासाठी १९५७ च्या प्रदर्शनात ‘एलीट’ नावाची सुंदर मोटार मांडली. तिचे सबंध अंग काचतंतूचे, आतला लोखंडी सांगाडाच नाही. गिऱ्हाइके खूष झाली. पण गाडीमागे कंपनीला नफ्याऐवजी तोटा होऊ लागला. १९५९ साली तबेला सोडून कारखाना चेशंटला गेला. इकडे शर्यतीतल्या नव्या लोटस गाड्या वेगाने धावत, पण वारंवार मोडत. अखेरीस चॅपमन यांनीही कूपर पितापुत्रांप्रमाणे इंजिन मागे नेले आणि १९६० साली ‘लोटस अठरा’ ही पेटीसारखी साधी, अत्यंत हलकी मोटार काढली. २९ मे १९६० रोजी मॉस यांनी रॉब वॉकर यांच्या मालकीच्या लोटस अठरामधून मोनॅकोची शर्यत जिंकली. लोटस मोटारीचे हे पहिले ग्रां प्री यश. दोन वर्षांपूर्वी ज्या रस्त्यावर सहावा नंबर आला, त्याच रस्त्यावर पहिला.

येथेच थांबलो असतो तर ही एक गोड यशोगाथा झाली असती. पण लगेच तीन आठवड्यांत बेल्जियममध्ये स्पा येथे काय घडले, तेही सांगितले पाहिजे. सरावाच्या दिवशी मॉस यांच्या लोटसचे मागचे चाक भरवेगात निखळले आणि त्यांचे दोन्ही पाय मोडले. त्याच दिवशी माइक टेलर या दुसऱ्या चालकाच्या लोटसचा सुकाणूचा दांडा जोडावर तुटला. गाडी झाडांत शिरली आणि त्यांची शर्यतीची कारकीर्द तेथेच संपली. त्यांनी नंतर कंपनीवर दावा लावला. दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष शर्यतीत ॲलन स्टेसी हे लोटसचे चालक मरण पावले. पण त्यांच्या तोंडावर पक्षी आदळला होता, तो दोष मोटारीच्या माथी मारता येणार नाही. त्याच शर्यतीत ख्रिस ब्रिस्टो गेले, ते कूपरमधून. हिशेब करताना ज्याचे त्याच्या खात्यावर मांडावे. तथापि चाक निखळणे आणि सुकाणू तुटणे, या दोन गोष्टी कारखान्याच्या खात्यावरच पडतात.

श्रोते हो, आमच्या अनुभवात यासारखे काही आहे. यंत्राच्या पात्यावर जाळी असते. ती लावली की दर तासाला चार नग कमी निघतात. मग एक दिवस कोणीतरी ती काढून कोपऱ्यात ठेवतो आणि उत्पादन वाढल्याचा आनंद होतो. जाळी काढणाऱ्याचे बोट मात्र त्या पात्याखाली नसते. अशी कोपऱ्यात ठेवलेली जाळी आम्ही एकाहून अधिक कारखान्यांत पाहिली आहे, आणि तिच्यापायी बोटे गमावलेल्यांच्या नुकसानभरपाईचे अर्जही लिहिले आहेत. म्हणून लोटसच्या हलकेपणाकडे पाहताना आम्ही दोन प्रकार वेगळे करतो. त्रिकोणांनी कमी झालेले वजन हे बुद्धीने कमी केलेले वजन आहे. त्यात कोणाचे नुकसान नाही. पण जो दांडा अर्धा इंच जाड असावा तो पाव इंचाचा केला, तर वाचलेले वजन नाहीसे होत नाही. ते चालकाच्या जिवावर जाऊन बसते. तराजू दोन्ही वेळा तेच आकडे दाखवतो, आणि घात होतो तो येथेच.

पहिल्या प्रकारचा सर्वोत्तम नमुनाही चॅपमन यांनीच दिला, हे कबूल केले पाहिजे. १९६२ साली त्यांनी ‘लोटस पंचवीस’ काढली. तीत नळ्यांचा सांगाडाच नव्हता. ॲल्युमिनियमच्या पत्र्याची रिव्हेट मारलेली टबासारखी पेटी हेच अंग आणि हाच सांगाडा, विमानाच्या धडाप्रमाणे. ती आधीच्या गाडीहून हलकी तर होतीच, पण पिळाला कितीतरी अधिक ताठ होती. वजन घटले आणि बळ वाढले. त्या गाडीत बसले स्कॉटलंडच्या सीमेवरचे शेतकरी जिम क्लार्क. १९६२ च्या २९ डिसेंबरला दक्षिण आफ्रिकेत शेवटची शर्यत होती. क्लार्क आघाडीवर होते, वीसेक फेऱ्या उरल्या होत्या, अजिंक्यपद हातात आल्यासारखेच होते. एवढ्यात इंजिनाचा एक बोल्ट गळून पडला, तेल वाहून गेले आणि गाडी थांबली. अजिंक्यपद मिळाले ते बी.आर.एम.च्या ग्रॅहम हिलना, लोटसच्याच जुन्या मेकॅनिकला! एका बोल्टची योग्यता काय असते, हे सांगायला आम्हाला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही. पुढच्या वर्षी, १९६३ साली, सेड्रिक सेल्झर, डिक स्कॅमेल अशा मेकॅनिकांनी सांभाळलेल्या गाड्यांतून क्लार्क यांनी दहापैकी सात शर्यती जिंकल्या. मोनॅकोच्या त्या सहाव्या नंबरानंतर पाच वर्षांनी तबेल्यातला कारखाना जगज्जेता झाला.

परंतु दुसऱ्या प्रकारचा हलकेपणा मागे उरलाच. १९६९ च्या मे महिन्यात बार्सिलोना येथे लोटसच्या दोन्ही मोटारींचे उंच पंख एकाच शर्यतीत मोडले. हिल बचावले, योखेन रिंट जखमी झाले. त्यानंतर रिंट यांनी चॅपमन यांना पत्र लिहिले. तुमच्या गाड्या एवढ्या वेगवान आहेत, की थोडे वजन वाढवून कमकुवत भाग भक्कम केले तरी त्या मागे पडणार नाहीत, असा त्याचा आशय. आम्ही ते पत्र एका कामगाराचे मागणीपत्र म्हणूनच वाचतो. त्यात पगारवाढ मागितलेली नाही. दोन-चार किलो धातू मागितला आहे. पुढल्या वर्षी, ५ सप्टेंबर १९७० रोजी, मोंझा येथे सरावात रिंट यांची लोटस ब्रेक लावताना भरकटली आणि ते मरण पावले. पुढच्या ब्रेकचा दांडा तुटला होता, असे आढळून आले. कडेचा कठडाही नीट बसवलेला नव्हता. त्या वर्षीचे अजिंक्यपद त्यांना मरणोत्तर मिळाले. असे दुसरे उदाहरण त्या स्पर्धेच्या इतिहासात नाही.

चॅपमन १९८२ साली वारले. त्यांचा शर्यतीचा संघ १९९४ साली बंद पडला. तोपर्यंत लोटस मोटारींच्या नावावर ७९ ग्रां प्री विजय आणि कारखानदारांची सात अजिंक्यपदे जमली होती. पंचवीस पौंडांच्या भांडवलावर एवढे पीक आले, याचे श्रेय चॅपमन यांच्या बुद्धीला दिलेच पाहिजे. देण्यात कंजुषी करणारे आम्ही नव्हे. आमचे म्हणणे इतकेच, की खतावणीची सगळी पाने वाचावीत. पत्रा ठोकणारे प्रिचर्ड आणि विल्यम्स, बंबाचे इंजिन करणारे हॅसन आणि मंडी, दिवसाची पाळी संपवून रात्री आलेले कॉस्टिन, घरी नटबोल्ट आवळीत बसलेले ते शंभर गिऱ्हाईक, ही जमेची पाने. माइक टेलर आणि योखेन रिंट हे खर्चाचे पान.

आपल्या गावातही लहान वर्कशॉपे आहेत. पाच माणसे, दोन लेथ, एक वेल्डिंगचा संच. आणि मोठ्या कारखान्याच्या तोडीचे काम करून दाखवण्याची उमेद. त्या उमेदीला लोटसच्या इतिहासाने बळ मिळावे, अशी आमची मनापासून इच्छा आहे. फक्त माल हलका करताना, खर्च कमी करताना, वेळ वाचवताना एक प्रश्न दरवेळी विचारावा: जे कमी केले ते अक्कल वापरून कमी केले, की कोणाच्या तरी अंगावर ढकलले? पहिले असेल तर मालकाने आणि कामगाराने मिळून पेढे वाटावेत. दुसरे असेल तर ते सांगण्याचा अधिकार त्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला असला पाहिजे, आणि त्याचे पत्र वेळेवर वाचले गेले पाहिजे.